आभाळाला पडलेली घडी

त्यांचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेले होते. परंतु गावात ते कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. गाव त्यांना 'हलूनका' म्हणे. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोके घातल्यावर ते ज्या हुकमी आवाजात "हलू नका!" असे बजावत, त्यावरून हे नाव पडले, आणि पुढे ते इतके रुजले की, टपालवालासुद्धा पत्ता न वाचता "हलूनकांचं पत्र!" अशी आरोळी देई. त्यांच्या पत्नीचा उल्लेख ओघानेच 'हलूनकाबाई' असा होई. बाई दुकानाची पुढची बाजू सांभाळीत. गिऱ्हाइकाच्या हाती कंगवा देणे, कपाळावरचा घाम टिपणे, रडक्या मुलाला खुळखुळा वाजवून दाखवणे आणि ज्याला कोट नसेल त्याला दुकानाचा कोट घालणे, ही कामे त्यांची.

फोटोच्या बाबतीत हलूनकांचा एक सिद्धान्त होता. "माणूस आहे तसा तर आरशातही दिसतो," ते म्हणत, "त्यासाठी माझ्याकडे यायचं कारण काय?" तेव्हा आहे तो माणूस कॅमेऱ्याने टिपायचा आणि असायला हवा तो माणूस निगेटिव्हवर घडवायचा, अशी त्यांची रीत होती. सुईसारखे टोक काढलेली पेन्सिल आणि दाढीचे अर्धे पाते एवढ्याच हत्यारांनी ते सुरकुत्या मिटवीत, भुवया जुळवीत, पडलेला दात परत बसवीत. एका विमा एजंटाच्या गालावरची मोठी चामखीळ त्यांनी इतकी बेमालूम नाहीशी केली होती की, ओळखपत्र पाहून दरवानाने त्या गृहस्थाला त्याच्याच कचेरीत घेतले नाही.

दुकानाचे खरे वैभव मात्र आतल्या भिंतीवर होते. तो एक रंगवलेला पडदा होता. त्या पडद्यावर दूरच्या डोंगरमाथ्यावरचे एक थंड हवेचे शहर, त्याच्या मध्यभागी असलेले निळे तळे, डावीकडे एक डोंगर, उजवीकडे घड्याळाचा मनोरा आणि पाण्यावर एक नाव, असा सगळा थाट होता. पडदा रंगवणारा पेंटर पाट्या रंगवणारा होता. त्याने ते शहर बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर पाहिले होते, आणि झाकणाला पोचा आला होता म्हणून नावाड्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब झाला होता. गावाला त्याचे काही वाटत नसे. त्या गावी आठ महिने उन्हाळा असे आणि उरलेले चार महिने त्याची उजळणी चाले. थंडी पाहुण्यासारखी येई आणि पाण्याचा पेलाही न घेता निघून जाई. अशा गावातल्या माणसाला तळ्याकाठी, कोटात, कोरीव हाताच्या खुर्चीवर बसलेले स्वतःचे चित्र पाहून जो गारवा वाटे, त्याची किंमत करता येत नाही. लोकरीचा एक कोट आणि लोकरीची एक शाल हलूनकांनी त्यासाठीच बाळगली होती. साऱ्या गावात मिळून लोकर म्हणून तेवढीच.

एका वर्षी दुकानाला चुना देताना तो पडदा घडी करून पंधरा दिवस ट्रंकेखाली ठेवावा लागला. तेव्हापासून डोंगरापासून मनोऱ्यापर्यंत आभाळाला एक सरळ घडी पडली, ती कायमची. हलूनका प्रत्येक निगेटिव्हवर ती घडी पेन्सिलीने मिटवीत. आयुष्यात फक्त एकदा मिटवायची राहिली, आणि या गोष्टीचे मूळ तेथे आहे.

तीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन महिना झाला असता, नवराबायकोने त्या तळ्याच्या शहरी जाण्याचे ठरवले होते. तिकिटे निघाली होती. बाईंनी माहेरी पत्र टाकले होते. आणि ऐन वेळी सरकारी ओळखपत्रांसाठी सहाशे फोटोंचे काम दुकानावर येऊन पडले. तिकिटे परत गेली. सासऱ्यांना तोंड कसे दाखवायचे, या चिंतेने हलूनकांनी बाईंना पडद्यासमोर बसवले, शाल पांघरली, फोटो काढला आणि घाईघाईत "तळ्याकाठून सप्रेम" असे मागे लिहून तो माहेरी पाठवून दिला. सहाशे फोटोंच्या गर्दीत आभाळाची घडी तशीच गेली.

सासऱ्यांनी फोटो चौकटीत बसवून बैठकीत लावला. आल्यागेल्याला ते दाखवीत. वर्षभराने त्यांच्याकडे काही कार्य निघाले आणि त्यास हलूनकांच्या थोरल्या भगिनी, ताई, उपस्थित राहिल्या. ताई शाळेत शिवणकाम शिकवीत. कापड पाहिले की त्याला घडी कोठे पडली आहे, हे आधी पाहण्याची त्यांना सवयच होती. भरल्या बैठकीत, वीसेक माणसांसमोर, त्या फोटोजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगंबाई! हिच्या आभाळाला घडी पडलीय की!"

झाले. त्या दिवसापासून ते वाक्य घराण्यात म्हणीसारखे चालू लागले. कोणी थाप मारली की, "घडी बघा, घडी!" कोणी सहलीहून आले की, "आभाळ तपासलं का?" बाई हसण्यावारी नेत, पण माहेरच्या बैठकीतून त्यांच्या वडिलांनी तो फोटो मुकाट्याने उतरवला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या.

यंदा ताईंच्या घरी नवी सून आली. ओळखी करून देताना ताई सहज म्हणाल्या, "आणि ही तुझी मामेसासू बरं का. हिचं आभाळ घडी घालून कपाटात ठेवता येतं." नवी सून हसली. सगळे हसले.  घरी आल्यावर बाई चपला काढता काढता म्हणाल्या,

"अहो, मला त्या तळ्यासमोर फोटो हवाय. खऱ्या."

"अगं, पडद्यापेक्षा खरं तळं काही—"

"खऱ्या तळ्यासमोर. पाणी ओलं असलं पाहिजे. तो फोटो मी वन्संच्या हातात देणार आणि तोंडातून शब्द काढणार नाही. तो मिळाला नाही, तर यापुढे त्यांच्या घरच्या कुठल्याही कार्याला तुम्ही एकटे जायचं. 'बायको कुठाय?' असं विचारलं, तर सांगा, घडी घालून ठेवलीय."

हलूनकांनी दुसऱ्याच दिवशी दुकानावर 'चार दिवस बंद' अशी पाटी लावली. गावाने ती तीनदा वाचली.

प्रवास चौदा तासांचा होता. हलूनकांनी बारा फोटोंचा रोल घालायचा छोटा कॅमेरा, त्याचा स्टँड आणि लांबून दाबायची बटणाची तार एवढे सामान घेतले. रोल एकच घेतला. "एका माणसाला एक फोटो पुरतो," असे त्यांचे म्हणणे. "दुसरा लागतो तो पहिला चुकला म्हणून." कपड्यांचा प्रश्न दुकानानेच सोडवला. कोट त्यांनी घातला, शाल बाईंनी घेतली. कोट निम्म्या गावाच्या मापाचा असल्यामुळे पाठीमागून उसवून ठेवलेला होता आणि चिमटे लावून बेतावा लागे. डोंगर चढू लागल्यावर त्या उसवणीतून जो वारा आत शिरला, त्याने हलूनकांना प्रथमच समजले की, थंडी ही पोशाखाची बाब नसून हवामानाची आहे.

पथिकाश्रमात पोचले तेव्हा सकाळ होती. व्यवस्थापक म्हणून एक गलमिशांचे गृहस्थ होते. त्यांनी खोलीचे दार उघडून, पडदा सारून, हात लांब करून सांगितले, "हे समोर तळं."

समोर पांढरे होते. झाडे नव्हती, रस्ता नव्हता, खिडकीचा गज तेवढा होता.

"कुठे?" बाईंनी विचारले.

"समोर."

"दिसत नाहीय."

"तळं चोवीस तास असतं, बाई," व्यवस्थापक दुखावल्या स्वरात म्हणाले. "दिसतं अधूनमधून."

त्या दिवशी ते दिसले नाही. दोघे उताराचा रस्ता धरून, कठड्याला हात लावत लावत, तळ्यापाशी गेले. पाण्याचा आवाज येत होता. एक नावाडी धुक्यात कोठेतरी खोकत होता. हलूनकांनी भिंग तीनदा पुसले, चौथ्यांदा चष्मा पुसला, आणि मग दोष आपला नाही हे ठरल्यावर आकाशाकडे पाहून शास्त्रोक्त निर्णय दिला. "प्रकाश उत्तम आहे. सगळीकडे सारखा. चेहऱ्यावर सावली नाही. एवढा चांगला प्रकाश मला दुकानात कधी मिळाला नव्हता."

"आणि तळं?"

"तेवढं नाही."

दुसरा दिवसही तसाच गेला. तळ्याच्या काठाला एक चहाची टपरी होती आणि ती चालवणाऱ्या चहावालीचा आवाज धुक्यातूनही दूरवर पोचत असे. हलूनका दर तासाला तेथे येऊन उभे राहत, म्हणून तिसऱ्या चहाला तिने विचारले, "काय, कुणाची वाट बघताय?"

"तळ्याची," बाईंनी उत्तर दिले.

"मग बसा. गेल्या महिन्यात एक जोडपं सहा दिवस बसलं. जाताना म्हणालं, चहा बरा होता."

दुपारी क्षणभर धुके फाटले आणि पलीकडचा डोंगर दिसला. हलूनका दचकले. "हा चुकीच्या बाजूला आहे!" ते म्हणाले. "डोंगर डावीकडे पाहिजे."

"कुणी सांगितलं?" चहावालीने विचारले.

"माझ्याकडे पडदा आहे."

"आमच्याकडे डोंगर आहे," ती म्हणाली आणि कपबश्या विसळू लागली. धुके पुन्हा मिटले.

बाई त्या रात्री लवकर झोपल्या, म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडल्या. हलूनकांनी "उद्या उघडेल" असे दोनदा सांगितले. दोन्ही वेळा बाईंनी शाल कानावर ओढून घेतली. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती.

तिसऱ्या दिवशी सव्वानऊ वाजता दोघे सामानासह टपरीवर बसलेले असताना, कोणी ओले फडके ओढून घ्यावे तसे धुके पाण्यावरून सरकले. आणि समोर तळे आले. ते निळे नव्हते. काळसर हिरवे होते, त्यावर वाऱ्याच्या बारीक चुण्या पळत होत्या, घरांची उतरती छपरे त्यात उलटी लटकली होती आणि मनोऱ्याचे घड्याळ पावणेचार दाखवीत बंद पडलेले होते. बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला चहा कलंडला, तरी त्यांना कळले नाही. तीस वर्षे ज्याच्या नावाने बोलणी खाल्ली, ते हे.

"अगं, बघत काय बसलीस? चल, बस!" हलूनका गरजले.

कोठे बसायचे? काठाला दगडी बाक होते. पण बाकावर बसलेल्या माणसाचे खांदे पडतात, असा हलूनकांचा अनुभव. त्यांनी चहावालीची लाकडी खुर्ची, तिच्यावरची साखरेची बरणी खाली ठेवून, उचलून आणली. खुर्ची कठड्याशी मांडली. बाईंना बसवले. शाल खांद्यावरून सारखी केली, उजवे टोक मांडीवर, डावे मागे. "हनुवटी खाली. एवढी नाही. डोळे माझ्याकडे. बोटं जुळवून ठेव." स्टँड लावला, कॅमेऱ्यात पाहिले, परत गेले, हनुवटी अर्धा बोट उचलली, परत आले. वारा सुटला होता. बाईंच्या बटा कपाळावर उडत होत्या, नाकाचा शेंडा गारठला होता आणि त्यावर एक थेंब जमू लागला होता. हलूनका रुमाल घेऊन पुन्हा निघाले.

"अहो, काढा की!" चहावाली ओरडली. "धुकं काय तुमच्या ओळखीचं आहे, थांबायला?"

"मध्ये बोलू नका! फोटो म्हणजे चहा नव्हे, घातला पाण्यात की झाला!"

"ते बघा, त्या टोकाकडून परत येतंय."

"येऊ दे. माझं होईस्तोवर ते येणार नाही."

हे विधान कोणत्या आधारावर केले, ते हलूनकांना स्वतःलाही सांगता आले नसते. ते बाईंच्या हनुवटीशी वाकले होते, कोटाचे चिमटे एकेक करून सुटत होते आणि पाठीमागची उसवण वाऱ्याने पडवळासारखी फुगली होती. ते पाहून बाईंना हसू फुटले. प्रथम त्यांनी ते दाबले; मग ते दाबता येईना. "हसू नकोस! हलू नकोस!" असे हलूनका म्हणत असता चहावालीची सहनशक्ती संपली. स्टँडला लोंबणारी बटणाची तार तिच्या हाताशीच होती.

"हे दाबतात ना?" तिने विचारले.

हलूनका गर्रकन वळले. "हात लावू—"

खट्.

पुढचे अर्धे मिनिट हलूनकांनी जे भाषण केले, ते येथे देण्याचे प्रयोजन नाही. चहावालीने ते कपबशी पुसता पुसता ऐकले आणि म्हणाली, "एवढ्यात दोन झाले असते." हे खरे होते. धुक्याचे टोक मनोऱ्याला लागले होते. हलूनकांनी रोल पुढे फिरवला, नाक पुसले (बाईंचे), काळ्या कापडाच्या सवयीने डोक्यावर रुमाल घेतला, आणि तळ्याला घुमेल अशा आवाजात हाक दिली, "हलू नका!"

बाई हलल्या नाहीत. चहावालीही हलली नाही. पाण्यावरचा नावाडी वल्हे तसेच उचलून राहिला. खट्. फोटो झाला, आणि दुसऱ्या श्वासाला तळे गेले.

गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "आला असेल ना हो?"

"आला म्हणजे? माझ्या हातून कधी चुकलाय?"

"एकदा," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या, आणि घाट उतरेपर्यंत खिडकीला टेकून गाणे गुणगुणत राहिल्या.

गावी आल्यावर रोलातले उरलेले दहा फोटो ओळखपत्रांच्या कामी लागले. मग हलूनकांनी रोल धुतला. चहावालीने बटण दाबून काढलेला फोटो त्यांनी उजेडात एकवार धरला, 'श्शी' म्हटले आणि 'बाद' असे लिहिलेल्या खोक्यात टाकला. निगेटिव्ह फेकायचे नाही, हा त्यांचा नियम. बाद झालेल्यालाही पाकीट आणि क्रमांक मिळे. दुसरे निगेटिव्ह मात्र त्यांनी टेबलावर घेतले, पेन्सिलीला टोक काढले आणि बाईंना सांगितले, "ताईला शनिवारी चहाला बोलाव. तोवर मी जरा साफसूफ करून ठेवतो."

येथे हलूनकांच्या बचावाचे एवढेच सांगता येईल की, त्यांना आपण काही करीत आहोत असे वाटतच नव्हते. दोन दुपारी ते टेबलावर वाकून बसले. प्रथम सुटलेल्या बटा आवरल्या. डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढल्या, मग हसण्याच्याही. पाण्यावरच्या चुण्या डोळ्यांना खुपत होत्या, त्या शांत केल्या. कठड्यावर 'येथे बसू नये' अशी पाटी होती, ती पात्याने खरवडून घालवली. नाव निम्मीच आली होती, ती पूर्ण केली. मनोऱ्याचे घड्याळ बंद असणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून काटे सव्वादहावर आणले. आणि शेवटी आभाळात धुक्याचा एक लांबट पट्टा आला होता. तो पाहताच त्यांचा हात तीस वर्षांच्या सवयीने आपोआप चालला, आणि आभाळ डोंगरापासून मनोऱ्यापर्यंत गुळगुळीत झाले. डोंगर चुकीच्या बाजूला होता. छापताना त्यांनी निगेटिव्ह उलटे धरले, तेव्हा तो डावीकडे आला. मनोरा उजवीकडे गेला. त्यांचे मन निवाले.

शनिवारी चार वाजता ताई आल्या. बाईंनी ठेवणीतले कप काढले होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पाकीट ताईंच्या हातात दिले आणि समोर बसल्या. चहा निवेपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.

ताईंनी फोटो बाहेर काढला. चष्मा वर केला. फोटो खिडकीशी नेला, तिरपा धरला, मग सरळ. आणि मग भावाकडे वळून कौतुकाने म्हणाल्या,

"अरे, आभाळाला इस्त्री केलीस वाटतं!"

"काय?"

"घडी गेली रे! छान झालीय इस्त्री. कापड जळू दिलं नाहीस. आणि नावाड्याचा हातही धड केलास. बरं झालं, इतकी वर्षं मला त्याची कीव यायची."

"ताई, हे तळं खरं आहे! आम्ही तिथे तीन दिवस—"

"शाल कुठली?" ताईंनी विचारले.

"शाल... दुकानातली."

"खुर्ची?"

"चहावालीची! लाकडी!"

"तळ्याकाठी लाकडी खुर्ची." ताईंनी फोटो मांडीवर ठेवला. "अरे, शंभर मुलींच्या शिवणाच्या वह्या तपासल्यात मी. कुणी आईकडून शिवून आणलंय, ते मला टाक्यावरून कळतं. ह्या वयात हिच्या तोंडावर एक सुरकुती नाही. वाऱ्यानं एक केस हललेला नाही. पाण्याला एक चुणी नाही. नवा पडदा करून घेतलास, चांगलं केलंस. पण मला कशाला रे बनवता दोघं मिळून?"

हलूनकांनी बाईंकडे पाहिले. बाई फोटोकडे पाहत होत्या. त्यांनी तो आजच, ताईंच्या हातात, पहिल्यांदा पाहिला होता. त्यांनी हळूच विचारले, "अहो, डोंगर इकडे कसा आला?"

 बाई उठल्या, निवलेल्या चहाचे तिन्ही कप ताटलीत ठेवले आणि आत जाऊ लागल्या. त्यांची पाठ ताठ होती. माहेरच्या बैठकीतली मोकळी खुंटी त्यांना आत्ता दिसत असणार, हे हलूनकांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. सहाशे फोटो एका हाताने उरकणारा तो माणूस आयुष्यात प्रथमच काय करावे हे न कळून खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. आणि मग त्याला खोके आठवले.

"ताई, जाऊ नकोस. पाऊण तास."

"सहाला माझी शेवटची गाडी आहे."

"वन्सं, बसा," बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. का, ते त्यांना ठाऊक नव्हते. पण नवऱ्याचा एवढा पडलेला आवाज त्यांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. "गाडी चुकली, तर राहा इथेच. अंथरूण खरं आहे आमच्याकडे."

हलूनका अंधाऱ्या खोलीत शिरले. लाल दिव्याखाली त्यांनी 'बाद'च्या खोक्यातून पाकीट काढले, निगेटिव्ह यंत्रात घातले आणि कागद औषधात बुडवला. चित्र हळूहळू उमटू लागले. प्रथम कठड्यावरची पाटी आली. मग वाऱ्याने चुरगळलेले पाणी, मग अर्धी नाव. त्यांचा उजवा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला.

सव्वापाचला ते बाहेर आले. फोटोचे पाणी कोपरापर्यंत ओघळत होते. ताईंनी ओला कागद दोन बोटांत, शिवणीतून सुटलेला धागा धरावा तसा धरला.

फोटोच्या मधोमध एक माणूस होता. त्याचे तोंड विहिरीसारखे उघडे होते, एक हात पुढे आला होता आणि तो इतका हलला होता की, त्याला नऊ-दहा बोटे आहेत असे वाटे. कोट पाठीमागे फुगून त्याला कुबड आले होते. एक चिमटा हवेत होता. त्याच्यामागे, थोड्या तिरक्या खुर्चीवर, एक बाई डोळे मिटून, मान मागे टाकून हसत होती. तिची शाल घसरली होती, केस चारी दिशांना गेले होते आणि नाकावर टपोरा थेंब स्पष्ट दिसत होता. मागे तळे होते. डोंगर उजवीकडे होता.

 ताईंनी चष्मा काढला आणि फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"हा तू आहेस?"

"हो."

"हललायस."

"हो."

"तुझा फोटो मी आजवर पाहिलाच नव्हता रे. लग्नातसुद्धा तू कापडाखाली होतास." त्या वहिनीकडे वळल्या. "हा थेंब नाकावरचा... हा कुणाला रंगवता यायचा नाही. आणि असला कोट घालून असं तोंड हा पडद्यासमोर करणार नाही, जीव गेला तरी."  शिवणाच्या बाईंना उसवणे सोपे जात नाही, आणि येथे तर स्वतःचेच वाक्य उसवायचे होते. "थंडी खूप होती का गं तिथे?"

"वन्सं, दात वाजत होते," बाई म्हणाल्या.

"पाणी कसं आहे?"

"हिरवं. आणि जवळ गेलं की वास येतो, ओल्या दगडांचा."

"मी नाही गेले कधी," ताई म्हणाल्या. मग बाईंना शेजारी बसवून म्हणाल्या, "मला सगळं सांग. पहिल्यापासून." बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि ताईंची गाडी चुकली.

अर्थात ताई त्या ताईच राहिल्या. पुढल्या कार्यात त्यांनी साऱ्या नातेवाइकांसमोर "याचं तोंड बघा, तोंड! माशी शिरली असती!" असे सांगितले, आणि घराण्याला नवे वाक्य मिळाले. बाई तेथे हजर होत्या आणि सर्वांत मोठ्याने हसल्या.

फोटो लावण्याचा प्रश्न मात्र त्याआधीच निकालात निघाला होता. बाईंनी तो बैठकीत, दाराच्या अगदी समोर लावायचे ठरवले. हलूनका स्टुलावर चढून चौकट धरून उभे राहिले. बाई खाली हातोडी घेऊन होत्या.

"मी काय म्हणतो," हलूनका खाकरून म्हणाले, "सगळं राहू दे. फक्त तो नाकावरचा थेंब. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"हात लावून तर बघा."

"बरं. निदान चौकट तरी डावीकडे अर्धा इंच—"

बाईंनी खिळा तोंडातून काढला, भिंतीला टेकवला आणि हातोडी उगारली.

"हलू नका," त्या म्हणाल्या.